14 महिन्यांचा एकच पत्ता: कॅनडातून नवऱ्याला स्पॉन्सर करण्याचे एक प्रकरण

बायको कॅनडात, नवरा दुसऱ्या देशात. ती 33 वर्षांची, ऑन्टॅरिओत पूर्णवेळ नोकरी करणारी, डिसेंबर 2022 पासून कॅनडाची पर्मनंट रेसिडेंट (पीआर), म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क मिळालेली. तो 35 वर्षांचा, कॅनडात यायला व्हिसा लागतो अशा देशाचा नागरिक. मूलबाळ नाही, दोघांचेही पहिलेच लग्न, कोणावर गुन्हा नाही, कोणाची दिवाळखोरी नाही. याहून सोपी फाइल नसेल असे वाटावे. तरीही ही फाइल एका ओळीमुळे कायमची बंद होण्याच्या बेतात होती, आणि ती ओळ दोघांनी आपणहून लिहिली होती, नाते भक्कम दिसावे म्हणून.

जोडपे नमुन्याचे आहे. अशा अर्जांत पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणी एका ठिकाणी आणल्या आहेत. नियम आणि फी मात्र खऱ्या, अर्ज लागला त्या मे 2024 मधल्या.

घडले ते, तारखांसह

दोघांची ओळख बर्लिनमधली. जून 2021 मध्ये तिने चार खोल्यांच्या सामायिक फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेतली. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याच फ्लॅटमधली दुसरी खोली त्याने घेतली. करार वेगळे, भाडे वेगळे, दोघे एकमेकांना अनोळखी. फेब्रुवारी 2022 मध्ये तिने कॅनडाच्या पीआरसाठी आर्थिक वर्गातून, म्हणजे नात्याच्या नव्हे तर कामाच्या आणि कौशल्याच्या बळावर, अर्ज केला आणि वैवाहिक स्थिती 'अविवाहित' लिहिली. मार्च 2022 मध्ये दोघांचे जुळले. जुलै 2022 मध्ये त्याने आपल्या खोलीचा करार संपवला आणि दोघे एका खोलीत राहू लागले. 10 डिसेंबर 2022 ला तिचे कॅनडात लँडिंग झाले, म्हणजे ती तिथे पोहोचून पर्मनंट रेसिडेंट झाली.

मे 2023 मध्ये ती 18 दिवस बर्लिनला जाऊन आली. ऑगस्ट 2023 मध्ये त्याने कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा मागितला, तो नाकारला गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये जर्मनीतली नोकरी सोडून तो मायदेशी परतला. जानेवारी 2024 मध्ये ती तिकडे 24 दिवस राहिली आणि दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले.

अशी दोन परिच्छेदांची तारीखवार नोंद फॉर्म उघडण्याआधी करून ठेवावी. लोक उलटे करतात: प्रत्येक फॉर्म स्वतंत्र बसून भरतात, प्रत्येक वेळी आठवणीतून तारीख देतात, आणि चार कागदांवर चार वेगळे महिने उमटतात. अधिकारी जोडप्याला कधी भेटलेला नसतो. त्याच्यापुढे फक्त कागद असतात आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही, एवढेच त्याला ताडून पाहता येते.

वर्ग कोणता

कॅनडात जोडीदाराला तीन नात्यांनी स्पॉन्सर करता येते: विवाहित जोडीदार, कॉमन-लॉ पार्टनर आणि कॉन्जुगल पार्टनर. व्हिसा नाकारला गेल्यावर या दोघांच्या मनात कॉन्जुगलचा विचार आला होता. नाव ऐकून तो दूर राहणाऱ्या प्रेमिकांसाठीच केला आहे असे वाटते. तसे नाही. किमान एक वर्षाचे पतिपत्नीसारखे नाते असून एकत्र राहता येत नाही आणि लग्नही करता येत नाही, अशा अडलेल्या लोकांसाठी तो आहे. उदाहरणार्थ, घटस्फोटच न देणाऱ्या देशात आधीच्या लग्नात अडकलेली व्यक्ती, किंवा समलिंगी नाते जिथे गुन्हा आहे तिथली जोडी. व्हिसा न मिळाल्याने एकत्र राहणे अडले हे खरे, पण त्याच्या देशात जाऊन लग्न करायला कोणाची आडकाठी नव्हती. अधिकारी नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि 'अजून लग्नाची तयारी नव्हती' हे उत्तर तिथे चालत नाही. दूर राहणाऱ्या जोडप्यांचे कॉन्जुगल अर्ज या एका कारणावर पडतात.

कॉमन-लॉ म्हणजे पतिपत्नीसारख्या नात्यात सलग किमान एक वर्ष एका घरात राहिलेले जोडीदार. नाते असून एका खोलीत राहणे या दोघांचे पाच महिने. म्हणजे तोही मार्ग नाही.

राहिले लग्न. त्यातही एक खाचखळगा आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातून व्हिडिओवर लग्न लावून प्रमाणपत्र मिळते, आणि दूर असलेल्या जोडप्यांना ते सोयीचे वाटते. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत जून 2015 पासून असे लग्न धरले जात नाही: विधीच्या वेळी दोघेही प्रत्यक्ष एका ठिकाणी हजर हवेत. सैन्यसेवेमुळे येऊ न शकलेल्यांना तेवढी सूट आहे. जानेवारीतल्या प्रवासाचा खर्च टाळता आला नसता तो यामुळे.

ती ओळ

आयएमएम 5532 हा नात्याची माहिती देणारा फॉर्म. ओळख कशी झाली, पहिल्यांदा प्रत्यक्ष कधी भेटलात, एकत्र राहिला असाल तर कधीपासून कधीपर्यंत, घरच्यांना माहीत आहे का, लग्नाला कोण होते, असे सगळे त्यात विचारतात. या दोघांच्या पहिल्या मसुद्यात लिहिले होते: 'ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2022 बर्लिनमध्ये एकत्र राहत होतो.'

पत्त्यापुरते ते खरे होते. नाते जितके जुने तितकी फाइल मजबूत, असा त्यांचा हिशेब. पण ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2022 म्हणजे 14 महिने. पतिपत्नीसारखे 14 महिने एकत्र राहिलेले दोघे कायद्याच्या व्याख्येत कॉमन-लॉ पार्टनर होतात. तसे असेल तर लँडिंगच्या दिवशी तिला कुटुंबातला एक सदस्य होता, जो तिने सांगितला नाही आणि ज्याची इमिग्रेशन खात्याकडून तपासणी झाली नाही.

इथे कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतला नियम 117(9)(डी) येतो. स्पॉन्सर स्वतः पर्मनंट रेसिडेंट झाली त्या वेळी अस्तित्वात असलेला, पण न सांगितलेला आणि न तपासलेला कुटुंबीय फॅमिली क्लासमधून, म्हणजे नात्याच्या आधारे स्पॉन्सर करता येणाऱ्यांच्या वर्गातून, वगळला जातो. कायमचा. नंतर रीतसर लग्न केल्याने तो दोष धुतला जात नाही. अर्ज भरला तेव्हा अविवाहित होते, हे उत्तरही पुरत नाही, कारण अर्ज भरल्यापासून लँडिंग होईपर्यंत वैवाहिक स्थितीत जो बदल होईल तो कळवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते.

या फटक्यातून बाहेर पडणे फार अवघड आहे. इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येते, पण इमिग्रेशन कायद्याच्या कलम 65 मुळे, अर्जदार फॅमिली क्लासमध्ये बसतो हे आधी सिद्ध झाल्याशिवाय तिथे मानवतावादी कारणे ऐकलीच जात नाहीत. म्हणजे भांडण फक्त 'तेव्हा कॉमन-लॉ होते की नव्हते' एवढ्यापुरते. सप्टेंबर 2019 पासून न सांगितलेल्या कुटुंबीयांसाठी एक सवलतीचे धोरण आले, पण ते निर्वासित म्हणून किंवा स्वतः फॅमिली क्लासमधून आलेल्यांसाठी. आर्थिक वर्गातून आलेल्या या स्पॉन्सरला ते लागू नाही. तिच्यासाठी कलम 25 खाली मानवतावादी विनंती एवढेच दार उरते, आणि ते उघडणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

म्हणून पहिले काम: खरे काय घडले ते ठरवणे. सोयीचे काय ते नव्हे. एका छताखाली राहणे आणि पतिपत्नीसारखे राहणे यांतला फरक कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या एम. विरुद्ध एच. या निकालात ज्या कसोट्यांवर धरला त्या इमिग्रेशनमध्येही वापरतात: सामायिक निवारा, शारीरिक आणि वैयक्तिक नाते, घरकामाची वाटणी, समाजात एकत्र वावरणे, पैशांचा आधार, मुलांबद्दलची भूमिका, आणि भोवतालचे लोक दोघांना जोडपे मानतात का. ऑक्टोबर 2021 ते मार्च 2022 या काळात यातले छतापलीकडचे काहीच नव्हते. मार्च ते जुलै 2022 मध्ये नाते होते, खोल्या आणि खर्च वेगळे. सर्वांत कडक मोजदाद करून मार्च 2022 पासून धरले, तरी 10 डिसेंबरपर्यंत नऊ-दहा महिने होतात. वर्ष भरत नाही.

5532 मध्ये मग तीन टप्पे स्वच्छ लिहिले गेले: एकाच फ्लॅटमधले वेगळे भाडेकरू, मग नात्यातले पण वेगळ्या खोल्यांतले, मग जुलै 2022 पासून एकत्र. सोबत एका पानाचे स्पष्टीकरण आणि पुरावे. त्या दोघांना हे आधी पटत नव्हते. विचारलेच नाही तर आपण का सांगायचे, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर सोपे आहे: पत्ता लपत नाही. तिच्या जुन्या पीआर फाइलमध्ये तो आहे, त्याच्या शेड्यूल ए या पार्श्वभूमीच्या फॉर्ममध्ये मागच्या दहा वर्षांचे पत्ते द्यावे लागतात त्यातही तो आहे. अधिकाऱ्याला दोन्ही कागद एका क्लिकवर दिसतात. स्पष्टीकरणाविना तो पत्ता त्याला सापडला, तर त्याचा अर्थ तो स्वतः लावतो.

खरोखरच वर्ष भरले असते, तर सल्ला उलटा झाला असता. तेव्हा तारखा आखडून घेणे म्हणजे चुकीची माहिती देणे. कलम 40 खाली त्याला पाच वर्षांची बंदी, आणि तिच्या स्वतःच्या पीआरवर चौकशी. त्या स्थितीत जे आहे ते मान्य करून कलम 25 ची विनंती करणे, एवढेच प्रामाणिक आणि शहाणपणाचे.

जुन्या फाइली मागवणे

या टप्प्यावर बहुतेक जोडपी घाई करतात. इथे मात्र दोन महिने थांबून माहिती अधिकारातून दोन्ही जुन्या नोंदी मागवल्या गेल्या: तिच्या पीआर अर्जाची आणि त्याच्या नाकारलेल्या व्हिसाची. अर्जाची फी पाच डॉलर, कायद्याने मुदत 30 दिवस, प्रत्यक्षात अनेकदा जास्त. या कायद्याखाली मागणी कॅनडाचा नागरिक, पर्मनंट रेसिडेंट किंवा कॅनडात असलेली व्यक्तीच करू शकते, म्हणून त्याच्या नोंदींसाठी त्याचे संमतिपत्र आयएमएम 5744 जोडून तिने मागणी केली. मिळतात त्या जीसीएमएस नोट्स, म्हणजे खात्याच्या संगणकात अधिकाऱ्याने टिपलेले शेरे.

तिच्या नोंदीतून कळले की पत्ता आणि 'अविवाहित' दोन्ही तसेच आहे, आणि पुढे कुठला बदल कळवलेला नाही. त्याच्या नोंदीतून निघाले ते जास्त त्रासाचे. व्हिसा नाकारण्याचे कारण नेहमीचे होते: मुदत संपल्यावर परत जाईल याची खात्री वाटत नाही. पण तिने दिलेल्या निमंत्रणपत्रात त्याचा उल्लेख 'जुना मित्र' असा होता आणि अधिकाऱ्याने तो शब्द टिपून ठेवला होता. नाते मार्च 2022 पासून, आणि ऑगस्ट 2023 मध्ये तो नुसता मित्र?

फॉर्ममध्ये त्याने वैवाहिक स्थिती 'अविवाहित' लिहिली होती, ती बरोबर होती. पत्रातला शब्द मात्र अर्धा खरा होता. प्रेयसी म्हटले तर व्हिसा मिळणार नाही, असे कोणीतरी सांगितले म्हणून तो लिहिला गेला. हा सल्ला फार पसरलेला आहे आणि घातक आहे. कॅनडाच्या कायद्यात कलम 22(2) खाली दुहेरी हेतू मान्य आहे: पुढे कायम राहायची इच्छा असलेला माणूस आज तात्पुरता येऊ शकतो, मुदतीत परत जाईल एवढे पटवले की झाले. नाते लपवल्याने व्हिसाची शक्यता फारशी वाढत नाही. पुढच्या फाइलवर डाग मात्र राहतो. स्पष्टीकरणात हे चार वाक्यांत मान्य केले: त्या वेळी घरच्यांना सांगितले नव्हते, शब्द चुकीचा निवडला, फॉर्ममधली उत्तरे खरी होती, आणि नाते त्या आधीपासून होते याचे पुरावे जोडले आहेत. सारवासारव केली नाही. नाकारलेला व्हिसा शेड्यूल ए मध्ये जाहीर केला, कारण कोणत्याही देशाने कधी व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न तिथे थेट विचारलेला असतो.

पुरावे

नियम 4(1) मध्ये दोन वेगळ्या कसोट्या आहेत: लग्न खरे आहे का, आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केले होते का. 2010 पासून यातल्या एकीत नापास झाले तरी अर्ज पडतो. दूर राहणाऱ्या जोडप्याकडे सामायिक भाडेकरार, वीजबिल, एकत्र विमा असे नेहमीचे काही नसते, आणि ती उणीव लोक फोटोंनी भरून काढायला जातात. खात्याची तपासयादी फोटोंना 20 ची आणि मेसेजसारख्या संवादाला 10 पानांची मर्यादा घालते. ती मर्यादा उपकारच आहे. पाचशे पाने चॅट कोणी वाचत नाही.

10 पाने कशी निवडायची यावर बराच वेळ घालवणे योग्य. गोड बोलणे सगळ्यांच्या चॅटमध्ये सारखेच असते, त्यातून काही सिद्ध होत नाही. एप्रिल 2022 पासून दर दोन-तीन महिन्यांचा एक तुकडा घेतला, ज्यात दुसऱ्या कुठल्या कागदाशी जुळणारी गोष्ट आहे: करार संपवण्याची नोटीस कधी द्यायची, मे 2023 चे तिकीट कोणत्या दिवसाचे, व्हिसा नाकारल्याची बातमी, त्याच्या आईच्या शस्त्रक्रियेचा दिवस, लग्नाच्या नोंदणीला कोणते साक्षीदार. संदेशाची तारीख दिसली पाहिजे, नुसती वेळ नव्हे. दोघे बोलतात ती भाषा इंग्रजी किंवा फ्रेंच नसेल, तर भाषांतर लागते आणि ते नातेवाइकाने केलेले चालत नाही. कॅनडातल्या प्रमाणित अनुवादकाने केले नसेल, तर अनुवादकाचे प्रतिज्ञापत्रही जोडावे लागते. दहाच पानांचे भाषांतर करायचे असल्याने खर्च आवाक्यात राहिला.

फोटो 18 दिले. लग्नाचे सहा, कुटुंबांसोबतचे पाच, बाकी बर्लिन आणि दोन्ही भेटींतले. प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि माणसांची नावे. एकाच दिवशी कपडे बदलून काढलेले फोटो वेगवेगळ्या महिन्यांचे म्हणून दाखवणारे लोक असतात. अधिकाऱ्यांना ते ओळखता येते.

प्रवासाचे पुरावे मात्र सगळे दिले: बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, तिच्या कंपनीने रजा मंजूर केल्याचे ईमेल. दूर राहणाऱ्या जोडप्यासाठी याइतके वजनदार काही नाही, कारण रजा आणि तिकिटाचे पैसे खर्च करून माणूस तिथे पोहोचला, हे त्यातून दिसते.

लग्न लहान होते. साक्षीदारांसह 11 माणसे, तिच्या बाजूने फक्त बहीण. अधिकाऱ्याच्या डोळ्यात हे खुपते, खासकरून ज्या समाजात लग्ने मोठी होतात तिथे. तिचे आईवडील का आले नाहीत हे फॉर्ममध्येच लिहिले: वडिलांचा प्रवास वैद्यकीय कारणाने बंद होता. डॉक्टरांचे पत्र जोडले आणि व्हिडिओ कॉलवर ते हजर असल्याचा एक फोटो.

कागदपत्रांतली चूक

सगळ्यात साधी चूक पोलीस सर्टिफिकेटमध्ये झाली. मागच्या दहा वर्षांत 18 वर्षांच्या वयानंतर सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाचे सर्टिफिकेट लागते. तो हुशारीने जर्मनी सोडण्याआधी, सप्टेंबर 2023 मध्येच, ते काढून बसला होता. पण आता राहत नसलेल्या देशाचे सर्टिफिकेट तिथला शेवटचा मुक्काम संपल्यानंतरच्या तारखेचे हवे. त्याने देश सोडला ऑक्टोबरमध्ये. म्हणून बॉनमधल्या बुंडेसआम्ट फ्युअर युस्टिझ या कार्यालयाकडून परदेशातून पुन्हा मागवले. फी 13 युरोच, पण सही अधिकृतपणे साक्षांकित करून टपालाने अर्ज पाठवण्यात आठवडे गेले. सध्या राहत असलेल्या देशाचे सर्टिफिकेट अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुने नको.

बर्लिनच्या पालिकेकडून पत्तानोंदणीचा दाखलाही घेतला. त्यात येण्या-जाण्याच्या तारखा येतात, खोली येत नाही. म्हणजे 14 महिने एकच पत्ता हे त्यानेही पक्के होते. तरीही तो जोडला, आणि त्याला लागून दोघांचे वेगळे पोटभाडेकरार, प्रत्येकाच्या बँकेतून दरमहा गेलेले भाडे, जुलै 2022 ची करार संपवल्याची चिठ्ठी आणि तिसऱ्या फ्लॅटसोबत्याचे सहीचे निवेदन.

शेड्यूल ए मध्ये दहा वर्षांचा वैयक्तिक इतिहास महिनावार लागतो, एकही महिना रिकामा चालत नाही. परतल्यावरचे तीन महिने तो बेरोजगार होता. ते तसेच लिहिले. जागा रिकामी राहिली तर अर्ज अपूर्ण ठरून परत येतो, आणि परत आलेला अर्ज रांगेत नसतो.

स्पॉन्सरच्या बाजूचे काम त्यामानाने थोडे. नवरा किंवा बायको स्पॉन्सर करताना सहसा किमान उत्पन्नाची अट नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. अपंगत्वाखेरीज दुसऱ्या कारणाने सरकारी मदत घेत असलेला माणूस मात्र स्पॉन्सर होऊ शकत नाही. ती स्वतः जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन आली असती, तर पीआर झाल्यापासून पाच वर्षे थांबावे लागले असते. इथे तो प्रश्न नव्हता. नोकरीचे पत्र आणि करखात्याची नोटीस ऑफ असेसमेंट जोडली.

आयएमएम 1344 या स्पॉन्सरशिपच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. त्यात एक चौकट असते: स्पॉन्सर अपात्र ठरल्यास अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा. मागे घ्यायचा म्हटले तर 85 डॉलर सोडून पैसे परत मिळतात, पण अपिलाचा हक्क जातो. 117(9)(डी) ची सावली असलेल्या फाइलमध्ये 'पुढे चालवा' हेच निवडायला हवे, आणि तेच निवडले.

फी अशी झाली: स्पॉन्सरशिप 85, अर्जदाराची प्रक्रिया 545, पर्मनंट रेसिडेन्स हक्काची फी 575, बायोमेट्रिक्स 85. एकूण 1,290 कॅनेडियन डॉलर. 575 ची फी नंतर भरता येते, पण ती राहिली तर शेवटी एका पत्रासाठी फाइल अडकते. अर्ज नाकारला तर ती परत मिळते, म्हणून आधीच भरलेली बरी.

वाट पाहताना

मे 2024 मध्ये पीआर पोर्टलवरून अर्ज गेला. जूनमध्ये पोच मिळाली आणि बायोमेट्रिक्सचे पत्र आले. ऑगस्टमध्ये त्याची वैद्यकीय तपासणी खात्याने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडे झाली. स्पॉन्सर म्हणून ती पात्र असल्याचे सप्टेंबरात कळले.

याच सुमारास तिने नोकरी घरून करण्याची परवानगी मिळवून चार-पाच महिने त्याच्याकडे जाऊन राहायचा बेत केला. मन समजते, पण पर्मनंट रेसिडेंट स्पॉन्सरने अर्ज केल्यापासून निकालापर्यंत कॅनडात वास्तव्य ठेवले पाहिजे. कॅनडाचा नागरिक परदेशात राहूनही स्पॉन्सर करू शकतो, जोडीदार आल्यावर आपण परत राहायला येऊ एवढे दाखवून. पीआरला ती मुभा नाही. भेट चालते, बिऱ्हाड हलवणे चालत नाही, आणि पाच महिन्यांची भेट म्हणजे काय यावर अधिकाऱ्याशी वाद घालायची वेळ येऊ नये. ऑन्टॅरिओतले घर आणि नोकरी कायम ठेवून ती ऑक्टोबरात तीन आठवड्यांसाठी गेली. त्या भेटीचे बोर्डिंग पास आणि चार फोटो लगेच खात्याच्या वेबफॉर्ममधून फाइलमध्ये टाकले. अर्ज लावल्यानंतरही नाते चालू आहे, हे दाखवणारा पुरावा लोक पाठवायचे विसरतात.

जानेवारी 2025 मध्ये अपेक्षित पत्र आले. खात्याने लिहिले: नोंदींनुसार ऑक्टोबर 2021 पासून डिसेंबर 2022 पर्यंत तुमचा आणि स्पॉन्सरचा पत्ता एक आहे, तुम्ही तिच्या लँडिंगच्या वेळी तिचे कॉमन-लॉ पार्टनर होता, अशी शंका आहे, 30 दिवसांत म्हणणे मांडा. याला प्रोसीजरल फेअरनेस लेटर म्हणतात. नकार देण्याआधीची ही शेवटची संधी असते.

स्पष्टीकरण आधीच दिले असताना पत्र का आले? जोडलेले कागद प्रत्येक टप्प्यावर वाचले जातातच असे नाही. पण आधीच सांगितलेले असल्याचा फायदा इथे झाला: उत्तरात नवी गोष्ट सांगावी लागली नाही. मे 2024 मध्ये जे लिहिले होते त्याचाच पान क्रमांक दाखवता आला. विचारल्यावर पहिल्यांदा सांगितलेली खरी गोष्टही बचावासारखी वाचली जाते.

उत्तर दोन पानांचे होते. पहिल्या परिच्छेदात नियम 1(1) मधली व्याख्या आणि साधे गणित: पतिपत्नीसारखे एकत्र राहणे जुलै ते डिसेंबर 2022, पाच महिने, नाते सुरू झाल्यापासून मोजले तरी वर्षाच्या आत. त्यानंतर तीन टप्पे, प्रत्येकासमोर त्याचा पुरावा. फ्लॅटसोबत्याचे निवेदन या वेळी शपथपत्र म्हणून नव्याने घेतले. नात्याच्या गोडव्याबद्दल एक शब्दही नाही, कारण शंका त्याबद्दल नव्हतीच. या पत्रांना उत्तर देताना सगळी प्रेमकथा पुन्हा लिहून काढण्याची चूक फार होते, आणि त्या गर्दीत अधिकाऱ्याला हवे असलेले एक वाक्य हरवते.

एप्रिल 2025 मध्ये व्हिसा लावण्यासाठी त्याचा पासपोर्ट मागवला गेला.

वैद्यकीय तपासणी बारा महिने धरली जाते, आणि लँडिंगच्या कागदाची मुदत सहसा ती किंवा पासपोर्ट यांतले जे आधी संपेल त्यावर ठरते. तपासणी ऑगस्ट 2024 ची, म्हणून त्याला ऑगस्ट 2025 च्या आत पोहोचणे भाग होते. ही मुदत वाढवून मिळेल असे गृहीत धरू नये. जूनचे तिकीट काढले. त्याला पीआर मिळाल्याच्या दिवसापासून तिची तीन वर्षांची हमी सुरू होते. या काळात त्याने सरकारी मदत घेतली तर ती तिला फेडावी लागते, आणि घटस्फोट झाला तरी हमी संपत नाही.

विमानतळावर अधिकाऱ्याने कागद तपासले, कॅनडातला टपालाचा पत्ता लिहून घेतला (180 दिवसांत पत्ता न दिल्यास पहिल्या पीआर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि फी लागते), आणि सही घेण्याआधी एक प्रश्न विचारला: अर्जात न सांगितलेला जोडीदार किंवा अवलंबून असलेले मूल आहे का? डिसेंबर 2022 मध्ये तिलाही याच टेबलावर हेच विचारले गेले होते. तो 'नाही' म्हणाला आणि त्याने सही केली.